अक्काच्या माहेरचा हत्ती

दुपारी जरा डोळा लागला की मला अजूनही तुरीच्या शेतातून पांढरे हत्ती जाताना दिसतात. त्यांच्या पायांचा आवाज होत नाही, तुरीचं एक पिवळं फूलही खाली पडत नाही. पुढचा हत्ती बांधाशी थांबून मागच्यांची वाट बघतो. मग वारं सुटतं आणि सगळे मिळून हलकेच वर उचलले जातात, आमच्या गच्चीवरून, वाळत घातलेल्या साड्यांवरून, संतपूरच्या दिशेने. मी काही असली स्वप्नं बघणारी बाई नव्हे. डी.एड. झालेली, फटकळ, डाळ किती शिट्ट्यांत शिजते ते झोपेतही सांगणारी. हे हत्ती मला माझ्या लेकीने दिले. ज्या वर्षी मी तिला शाळेतून काढून घरी शिकवत होते, त्या वर्षी.

माझं माहेर उदगीरचं. लग्न होऊन सरहद्द ओलांडून इकडे आले. सरहद्द म्हणजे काय, तर बसच्या खिडकीतून बघता बघता पाट्यांवरची अक्षरं गोल व्हायला लागली की समजायचं, कर्नाटक आलं. बाकी शेतं तीच, काळी माती तीच, सोयाबीन तेच. घरात मराठी, शेजारीपाजारी मराठी, बांगडीवाल्याशी दखनी. त्यामुळे माझं कन्नड त्या गोल पाट्यांच्या पुढे कधी सरकलंच नाही. आमचं गाव लहान, संतपूरला बाजाराला जायचं आणि परत यायचं. नवरा इथलाच, कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामात सुपरवायझर, रोज जाऊन-येऊन करणारा. त्याला सगळ्या भाषा येतात. कोणत्या भाषेत भांडायचं हे तो समोरच्याकडे बघून ठरवतो, असं मी त्याला चिडवते.

लेकीला त्याने कन्नड शाळेत घातलं. ‘हितंच ऱ्हायचंय, हितंच नोकरी करायचीय, मग लहानपणीच शिकली तर बरं,’ हे त्याचं म्हणणं. मलाही पटलं. पहिलं वर्ष गप्प-गप्प पण ठीक गेलं. दुसरीत एक दिवस डब्याच्या वेळी टीचर सगळ्या मुलांना म्हणाल्या, ‘ऊट’. कन्नडमध्ये ऊट म्हणजे जेवण. माझ्या लेकीला ऐकू आलं ‘ऊठ’. ती ताडकन उभी राहिली. टीचरनी पुन्हा डब्याकडे हात करून ‘ऊट, ऊट’ म्हटलं, तर ही आणखी ताठ उभी राहिली, टाचा वर करून. सगळा वर्ग हसला. टीचरही हसल्या, त्यात वाईट काही नव्हतं, मी असते तर मीही हसले असते. पण दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं तिला बघून ‘ऊट! ऊट!’ ओरडायला लागली, आणि माझी लेक घराबाहेर बोलायची बंद झाली.

बंद म्हणजे बंद. घरात पोपट, उंबऱ्याबाहेर दगड. दुकानदाराने नाव विचारलं तर माझा पदर तोंडावर ओढायची. शाळेत मान खाली. तिचं ते खाली बघणं मला सहन होईना. एका सकाळी ती गणवेश घालून दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून आवाज न करता पाणी वाहत होतं. मी तिचे बूट काढले आणि म्हटलं, ‘चल माय, घरातच शिकू.’

नवरा भला माणूस. आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता एवढंच म्हणाला, ‘पुढच्या वर्षी शाळा उघडूस्तोर बघू. तवर ही भायेरच्या माणसांसंगं बोलायली तर हितल्याच शाळंत घालू. न्हाई बोलली, तर उदगीरला मामाकडं पाठवू, मराठी शाळंत. किती दिस घरात कोंडून ठेवणार?’

मामाचं घर म्हणजे माझं स्वतःचं माहेर, तिथं तिला काही कमी पडलं नसतं. पण एवढीशी पोर, रात्री माझा हात कानाखाली घेतल्याशिवाय झोपत नाही, ती मला सोडून सरहद्दीपलीकडे राहणार, हे मला कबूल नव्हतं. म्हणून मी पदर खोचला. माझी डी.एड. कधी नोकरीच्या कामी आली नव्हती, आता येईल म्हटलं.

घरात शिकवणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला वाटतं, मज्जाच मज्जा. ना डबा, ना गणवेश, ना गृहपाठ. पहिल्याच आठवड्यात माझ्या नाकी नऊ आले. पाढे म्हणवून घेताना दूध उतू जायचं. दुधाकडे धावले की ती खिडकीत जाऊन खार बघत बसायची. कुणीतरी पीठ मागायला यायचं, सिलिंडरवाला यायचा, सासरची कुणीतरी चुलत नणंद ‘सहज’ यायची आणि तास मोडायचा. गिरणीवर दळण टाकायला गेले की बायका विचारायच्या, ‘कामून गं घरी बसवलीस पोरीला? आजारी हाय का?’ एकीला मी म्हटलं, ‘न्हाई, लगीन ठरलंय तिचं.’ बाई तोंडात बोट घालून बघत राहिली. त्यानंतर गिरणीवर मला कुणी काही विचारलं नाही, पण घरी येऊन मी पिठाचा डबा आपटला, तो आपटलाच.

सगळ्यात अवघड होतं ते वेगळंच. ती मला बाई म्हणून मानायलाच तयार नव्हती. आईपुढे कोण ताठ बसतं? पाटी पुढे ठेवली की ती माझ्या मांडीवर डोकं ठेवायची. शेवटी मी एक युक्ती काढली. घरातून बाहेर गेले, पदराला पिन लावली, चपला वाजवत आत आले आणि म्हटलं, ‘नमस्कार मुलांनो. मी तुमची नवी बाई.’

तिचे डोळे चमकले. ती उभी राहून म्हणाली, ‘नमस्ते बाई. आई सैपाक करायलीय.’

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन बायका राहायला लागल्या. सकाळी बाई यायच्या, पिन लावलेल्या. बाई गेल्या की पिन काढून आई यायची. माझी लेक बाईंकडे माझी तक्रार करायची, ‘बाई, आमची आई लई वरडती.’ बाई म्हणायच्या, ‘अरे अरे, मी समजावते हं तिला.’ दुपारी वरण वाढताना मला सांगायची, ‘आई, बाई लई रागीट हायत गं. हसत न्हाईत.’ मी म्हणायचे, ‘बदलून घेऊ का दुसऱ्या?’ ती विचार करून म्हणायची, ‘ऱ्हाऊ दे. दुसऱ्या कुठं मिळतेत?’

खेळ छान चालला होता. तिचं वाचन सुधारलं, बेरीज-वजाबाकी धावायला लागली. फक्त एक झालं. बाईंचा वेळ वाढत गेला. मला भीती होती ना, वर्ष वाया गेलं म्हणून कुणी बोलू नये. त्यामुळे पिन सकाळी लागायची ती संध्याकाळ झाली तरी निघायची नाही. भाकरी थापताना मी विचारायचे, ‘हिचे चार तुकडे केले तर एकाला काय म्हणशील?’ ती ‘पाव’ म्हणायची आणि भाकरी गार व्हायची. गच्चीवर चांद बघायला गेलो की पौर्णिमा, अमावास्या, पंधरवडा. कुत्र्याची पिल्लं बघायला गेलो की सस्तन प्राणी. आधी ती मला दिवसभर ‘आई, बग ना’ म्हणायची. त्या थंडीत ते ‘बग ना’ कमी झालं. मला वाटलं, मोठी व्हायलीय.

त्याच सुमाराला शेजारच्या घरात अक्का राहायला आली. मुलाच्या बदलीपायी कलबुर्गीकडच्या कुठल्याशा खेड्यातून आलेली, पिकल्या केसांची, नाकात खडा, ठसठशीत बाई. सगळे तिला अक्काच म्हणायचे. मराठी तिला जवळजवळ येत नव्हती आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. आवाज असा खणखणीत की ती ओट्यावर बसून बोलायला लागली की दोन घरांपलीकडची शेळी कान टवकारायची. दिवसभर ओट्यावर बसून देवासाठी वाती वळायची, नडगीवर कापूस ठेवून तळहाताने एकदा वर, एकदा खाली. माझी लेक तिच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली की अक्का म्हणायची, ‘बा, कुंद्रु.’ म्हणजे ये, बैस. एवढं कन्नड मलाही कळत होतं.

मी तिला जाऊ द्यायचे. माझी धुणी-भांडी तेवढ्यात उरकायची. अक्काच्या आवाजापुढे दुसरा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण मला खात्री होती की माझी लेक तिथे नुसती बसून राहत असेल. एकीला मराठी येत नाही, दुसरी बोलत नाही, चांगली जोडी जमली, असं मी नवऱ्याला म्हणायचे.

आणि मग एका दुपारी हत्ती आला.

मी, म्हणजे बाई, नऊचा पाढा घेत होते. ऊन खिडकीतून सतरंजीवर उतरलं होतं. लेक नऊ सक चोपन्नपाशी अडकली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, ‘अक्काच्या म्हायेरी शेतात हत्ती पिकतो.’

‘काय पिकतो?’

‘हत्ती. झाडाला लागतो.’

मी पाढ्याचं पुस्तक मिटलं. ‘झाडाला? केवढा आसतो?’

‘आधी बारका आसतो. हिरवा. टणक.’ तिने बोटांनी लिंबाएवढा गोळा दाखवला. ‘मग ऊन तापलं की फुटतो. मग आतून पांढरा हत्ती भायेर येतो.’

ती हे इतक्या शांतपणे सांगत होती की मी हसलेच नाही. मला ते शेत दिसलं. रांगेत झाडं, प्रत्येक फांदीला हिरवे गोळे, आणि ऐन दुपारी एकेक गोळा उकलतोय, आतून सोंड, मग कान, मग एक ओला पांढरा पाय. मी पिन काढून भिंतीतल्या खिळ्याला अडकवली आणि तिच्या शेजारी सतरंजीवर आडवी झाले. ‘आन् मग?’ मी विचारलं.

‘मग बायका जातेत आन् हत्ती तोडून पदरात घेतेत. अक्का बी जायची, लहानपणी. गाणं म्हणत म्हणत.’

त्यानंतर हत्ती रोज येऊ लागला, दुपारचा, जेवणं झाल्यावर. वारं सुटलं की हत्ती उडतो आणि बाभळीच्या काट्यांना अडकून बसतो. अवकाळी पाऊस आला की हत्ती काळा पडतो, मग त्याला बाजारात कुणी घेत नाही, आणि अक्काचे वडील कपाळाला हात लावून बसतात. हत्तीच्या पोटात बिया असतात, त्या काढून म्हशीला घालतात, मग दूध दाट येतं. अक्काच्या लग्नात नवरदेव हत्तीवर बसला होता, पण हत्ती इतका मऊ होता की नवरदेव आत बुडाला आणि त्याचा नुसता फेटा दिसत होता. मी डोळे मिटून ऐकत राहायचे. तिचा आवाज, माठाचा ठिबकणारा नळ, लांबून येणारी मळणीयंत्राची घरघर, सगळं एकमेकांत मिसळायचं. आपण झोपलोय की जागे आहोत हे मला कळायचं नाही. कधी कधी ती बोलता बोलता झोपून जायची आणि हत्ती मधेच कुठेतरी उभा राहायचा, तुरीत, कमरेइतक्या पिवळ्यात. मग मी एकटी त्याच्याकडे बघत पडायचे.

खरं सांगते, वर्षभरातला माझा सगळ्यात सुखाचा काळ तो होता. आणि त्याच वेळी मी आतून घाबरलेही होते. पोरगी बाहेर चकार शब्द बोलत नाही आणि घरात सांगते की शेतात हत्ती उगवतात. हिचं मन कुठं भरकटायला लागलंय का? मी मोबाईलवर नको ते वाचलं आणि आणखी घाबरले. घरात कोंडल्याने असं झालं असेल का, मुलांत मिसळली नाही म्हणून झालं असेल का, माझ्याच हट्टाने झालं असेल का. नवऱ्याला सांगायची तर सोयच नव्हती. हत्तीचं कळलं असतं तर त्याने दुसऱ्याच दिवशी उदगीरची बस गाठली असती.

म्हणून मी लेकीला म्हटलं, ‘पप्पाला हत्तीचं सांगू नको हं.’

‘कामून?’

सुचेल ते बोलले. ‘त्यांला हत्तीची लई भीती वाटती.’

त्या संध्याकाळी नवरा गोदामातून दमून आला आणि भिंतीला टेकून बसला, तर ही जवळ गेली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘भिऊ नका पप्पा.’ तो माझ्याकडे बघायला लागला. मी कढईत डोकं घातलं.

होळी झाली, ऊन चढलं. मी एकदा धीर करून तिला संतपूरच्या बाजारात नेलं. घरून घोकून घेतलं होतं, दुकानात गेल्यावर एवढंच म्हणायचं, काका, एक खोडरबर द्या. दुकानापर्यंत ती तोंडातल्या तोंडात ते म्हणत आली. दुकानदाराने ‘काय पायजे बाळ?’ विचारलं आणि तिने माझा पदर गच्च धरून डोळे मिटून घेतले. मी वाट बघितली. मागे गिऱ्हाइकं थांबली होती. शेवटी खोडरबर मीच मागितलं, आणि बाहेर येऊन तिच्यावर ओरडले, भर रस्त्यात. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला नाक लावून बसली आणि मी पदराने डोळे पुसत राहिले. मला तिचा राग आला नव्हता. ती जाणार, हे मला त्या दिवशी खरं वाटायला लागलं होतं.

भावाचा फोन यायला लागला. ‘ताई, खोली रंगवून घेतलीय. दप्तर बी आणलंय तिच्यासाठी, फुलपाखराचं.’ मी ‘बरं’ म्हणायचे. फोन ठेवला की घर एकदम मोठं वाटायचं. दुपारी हत्ती येतच होता, पण आता मला तो सारखा जाताना दिसायचा.

शाळा उघडायच्या आधी इकडे शिक्षक दारोदार फिरून मुलांची नावं घेतात. तसे एका सकाळी गावातल्या शाळेचे एक सर आमच्याकडे आले. नवऱ्याची त्या दिवशी सुट्टी होती. सर मध्यमवयीन, घामाघूम, हातात चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘पोरगी शाळंत येणार का न्हाई ह्या वर्षी?’

नवरा म्हणाला, ‘सर, ती कुणासंगं बोलतच न्हाई. आमी तिला उदगीरला पाठवायलोत.’

लेक दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. सरांनी तिला जवळ बोलावलं नाही. नुसती कार्डं मांडीवर घेतली आणि तिच्याकडे न बघताच एक उचललं. ‘इदु येनु?’ म्हणजे हे काय. कार्डावर गाय होती. ती गप्प. सरांनी घर दाखवलं, ती गप्प. आंबा दाखवला, गप्प. नवऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली. चहाचा ट्रे हातात घेऊन मी तिथेच थांबले. सरांनी आणखी एक कार्ड उचललं. त्यावर कापसाचं झाड होतं, बोंडं फुटलेलं.

लेकीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती चौकटीपासून सुटली, एक पाऊल पुढे आली आणि स्पष्ट म्हणाली, ‘हत्ती.’

संपलं सगळं, असं वाटलं मला. आता हे दोघांनाही कळलं. ‘न्हाई ओ सर!’ मी मधेच ओरडले. ‘तिला तसं म्हणायचं नव्हतं. तिला कापूस म्हाईत हाय. तिच्या डोक्यात हत्ती बसलाय, म्हणून...’ आणि मग मला आवरलंच नाही. इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं. हत्ती झाडाला लागतो म्हणते, ऊन तापलं की फुटतो म्हणते, वाऱ्याने उडतो म्हणते, त्याच्या बिया म्हशीला घालतेत म्हणते, ती शेजारची अक्का काय तरी सांगती, आन् ही... मी रडत होते आणि बोलत होते. ‘पन सर, पोरगी लई हुशार हाय ओ. लई गोड हाय. फकस्त एवढं हत्तीचंच हाय.’

सर नवऱ्याकडे बघत होते. नवरा सरांकडे. मग नवऱ्याच्या ओठांचे कोपरे हलले, आणि दोघंही एकदम असे हसायला लागले की सरांच्या मांडीवरची कार्डं खाली सांडली. मी चिडून म्हटलं, ‘हसायला काय झालं?’

‘अगं,’ नवरा डोळे पुसत म्हणाला, ‘हत्ती म्हंजे कापूस! कन्नडात कापसाला हत्तीच म्हणतेत!’

मी ट्रे खाली ठेवला. नवऱ्याला एकदा जरी सांगितलं असतं, तर हे सगळं एका शब्दात उलगडलं असतं. म्हशीला घातलेल्या बिया म्हणजे सरकी. पावसाने काळा पडलेला कापूस. नवरदेव बुडाला ती गादी. आणि अक्का दिवसभर माझ्या डोळ्यांदेखत नडगीवर जे वळत बसायची, ते तेच.

‘आन् ताई,’ सर हळूच म्हणाले, ‘हत्तीचं ऱ्हाऊ द्या. पोरीनं मला आत्ता जबाब दिला, ते तुमी ऐकलं का न्हाई?’

तेव्हा कुठे नवऱ्याचं हसू थांबलं. सरांनी खाली सांडलेल्या कार्डांतून खराखुरा हत्ती शोधून काढला, सोंडवाला, करडा. ‘मग इदु येनु?’

‘आने,’ माझी लेक म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, अडाण्याला सांगावं तसं, ‘आई, कन्नडात हत्तीला आने म्हणतेत.’

त्यानंतर तिने गाय सांगितली, घर सांगितलं, आंबाही सांगितला, सगळं अक्काच्या कन्नडमधून, अक्काच्याच कलबुर्गी हेलात, हात नाचवत. सर म्हणाले, ‘ही तर माझ्यापेक्षा चांगली बोलायली.’ तेवढ्यात कुंपणापलीकडून अक्काचा खणखणीत आवाज आला, ‘ऊट!’ लेक ताडकन उभी राहिली, टाचा वर करून, हात मांड्यांना चिकटवून. पलीकडे अक्का खो खो हसली आणि ही पण हसली. त्यांचा रोजचा खेळ होता तो. मग ती आपली ताटली घेऊन पळत अक्काकडे जेवायला गेली, आणि सरांनी तिचं नाव लिहून घेतलं.

नवऱ्याने त्याच दिवशी मामाला फोन केला. दप्तर मात्र भाऊ घेऊनच आला, फुलपाखराचं. तेच घेऊन ती आता जाते.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची दुपार. नवरा बाहेर गेला होता. आम्ही दोघी सतरंजीवर पडलो होतो. ऊन नेहमीच्या जागी होतं. मला हसू येत होतं आणि थोडं चुकल्यासारखंही वाटत होतं, कारण हत्ती गेला होता. एवढा मोठा, पांढरा, माझा हत्ती, आणि शेवटी निघाला कापूस.

मी विचारलं, ‘तुला म्हाईत होतं, हत्ती म्हंजे कापूस?’

‘व्हय.’

‘पयल्यापासून?’

‘व्हय की.’

‘मग मला कामून न्हाई सांगितलंस?’

ती माझ्याकडे वळली. मग माझ्या कुशीत तोंड घालून म्हणाली, ‘कापूस म्हणलं आसतं तर बाईनी लिवायला लावलं आसतं. हत्ती म्हणलं की बाई जायच्या, आन् तू यायचीस.’

माझ्या खांद्यावर पिन तशीच होती, सकाळी सर आले तेव्हा घाईने लावलेली. मी ती काढली. मग मी विचारलं, ‘अक्काच्या म्हायेरी आता काय चाललं आसंल गं?’

‘आता हत्ती पेरायलेत,’ ती म्हणाली, आणि उशीवर थोडं सरकून तिने मला जागा करून दिली.